उंच इमारत आणि दाट वस्ती

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरच्या माणसाने नव्या इमारतीचं चित्र पडद्यावर लावलं आणि मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "पाच मजल्यांचे पंधरा करताय, म्हणजे गर्दी तिप्पट!" अर्ध्या सभेने माना डोलावल्या. मजले मोजले की माणसं मोजून झाली, असं आपण सगळेच धरून चालतो. मुंबईत तर हा समज हवेतच आहे.

पण उंची ही इमारतीची गोष्ट आणि घनता ही जमिनीची. एक एकर किंवा एक हेक्टर जमिनीवर किती घरं, किती माणसं राहतात, ती घनता. ती माणसं एकावर एक राहतात की शेजारी शेजारी, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

हे समजायला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची दोन कामं पुरेशी आहेत. दोन्ही 1980 च्या दशकातली. पेडर रोड परिसरातली कांचनजंगा इमारत 1983 मध्ये पूर्ण झाली. तळाला 21 मीटर बाय 21 मीटरचा चौकोन, उंची सुमारे 84 मीटर, 28 मजले. कोपऱ्यांत दोन मजले उंचीचे गच्चीसारखे सज्जे कापलेले, म्हणजे समुद्राचा वारा घरात येतो पण पाऊस आणि ऊन थेट आत घुसत नाही. त्या काळी ती डोळ्यांत भरणारी उंच इमारत होती. त्यात घरं किती? 32. एका मजल्यामागे जेमतेम एक घर.

खाडीपलीकडे नवी मुंबईतल्या बेलापूरला त्याच सुमारास कोरियांनी जी वसाहत केली, ती लोक आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणून ओळखतात. सुमारे 6 हेक्टर जमीन, साधारण 550 कुटुंबं, आणि उतरत्या छपरांची एक-दोन मजली घरं. सात घरं मिळून 8 मीटर बाय 8 मीटरचं एक अंगण. असे तीन गट मिळून त्याहून थोडं मोठं, 12 मीटर बाय 12 मीटरचं मोकळं आवार. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, कारण प्रत्येकाला पुढे हवं तसं घर वाढवता यावं. आज तिथे गेलात तर बरीच मूळ घरं पाडून लोकांनी स्लॅबची मोठी घरं बांधलेली दिसतील. काहींना त्याचं वाईट वाटतं. मला वाटतं, घर वाढवायची सोय दिली होती, ती लोकांनी वापरली. तर या बुटक्या, झाडांत लपलेल्या वस्तीची घनता हेक्टरी सुमारे 500 माणसं. मनात हे ठिकाण 'खेड्यासारखं' आणि कांचनजंगा 'गर्दीचं शहर' अशी जोडी बसलेली असते. आकडे तसं म्हणत नाहीत.

आता मधला दुवा, एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंड 1,000 चौरस मीटरचा आणि एफएसआय 1 असेल, तर एकूण 1,000 चौरस मीटर बांधता येतं. ते सगळा भूखंड व्यापून एका मजल्यात बांधा, नाहीतर दहाव्या भागावर दहा मजले चढवा, एफएसआय तोच. म्हणजे एफएसआयवरून उंची कळत नाही. आणि माणसंही कळत नाहीत, कारण त्या 1,000 चौरस मीटरमध्ये पाच प्रशस्त घरं बसतील किंवा पन्नास खोल्या.

मुंबईतल्या बीडीडी चाळींत, म्हणजे सरकारने बांधलेल्या जुन्या भाड्याच्या चाळींत, हे स्पष्ट दिसतं. 1920 च्या दशकातल्या या चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. मजल्यावर 20 खोल्या, चाळीत 80, खोली 160 चौरस फुटांची. त्यात मोरी, ओटा, वर माळा, आणि रात्री अंथरुणं घातली की पाय ठेवायला जागा नाही. संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. उंची काहीच नाही, पण दाटी अशी की चादर बदलायची तर कुणालातरी गॅलरीत जावं लागतं. वरळीला पुनर्विकासात याच भाडेकरूंना 40 मजली टॉवरमध्ये 500 चौरस फुटांची घरं मिळतात. घर तिपटीहून मोठं झालं, म्हणजे तेवढ्याच कुटुंबांसाठी बांधकामही तिपटीहून जास्त लागणार. एफएसआय वाढला तरी त्या हिशोबाने माणसं वाढली नाहीत. वाढतात ती विक्रीच्या इमारतींमुळे.

याउलट झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती उंचही असतात आणि दाटही. मुंबईच्या नियमावलीत तिथे हेक्टरी किमान 650 घरं बसवावी लागतात. लक्षात घ्या, कमाल नव्हे, किमान. बेलापूरला हेक्टरी घरं सुमारे 90.

घनतेचा आकडा कुणी तोंडावर फेकला तर एक विचारायचं: ढोबळ की निव्वळ? ढोबळ म्हणजे रस्ते, मैदानं, गोदी, सगळं धरून. निव्वळ म्हणजे फक्त घरांचा भूखंड. पॅरिस शहरात ढोबळ मोजणीने चौरस किलोमीटरमागे जवळपास 20 हजार माणसं राहतात. 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याचा आकडाही तेवढाच, 20 हजारांच्या आतबाहेर. आणि पॅरिसचा बहुतेक भाग सहा-सात मजल्यांचा आहे. तिथला माणूस दाटीत राहतो, पण त्याच्या वाट्याला घरातली जागा जास्त येते. आपल्याला घुसमटवते ती दरमाणशी अपुरी चटई. दोष मात्र आपण मजल्यांना देतो.

सभेत मी कागदावर हिशोब मांडला. भूखंड 1,200 चौरस मीटर, सध्या 30 घरं, म्हणजे हेक्टरी 250. नवीन पंधरा मजल्यांवर चार-चार घरं, एकूण 60, हेक्टरी 500. मजले तिप्पट, घरं दुप्पट. मागच्या रांगेतल्या काकांना दाखवलं, तर ते म्हणाले, "बरं, दुप्पट तर दुप्पट. पण ड्रेनेजची लाइन तीच राहणार ना?" बिल्डरच्या माणसाने पुढची स्लाइड लावली. त्यावर जिम होतं.