लेझर हार्डनिंगची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्ट, गिअर, पंपाचे भाग बनवणाऱ्यांपुढचा पेच जुना आहे. घासणारी जागा कडक हवी, गाभा मात्र चिवट राहायला हवा. कोयत्याच्या फक्त धारेला पाणी पाजणारा लोहारही हेच साधतो. लेझर हार्डनिंग म्हणजे हेच काम लेझरच्या किरणाने करणं.

इथल्या यंत्रधंद्याचं नातं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये काढलेल्या सायकलच्या दुकानाशी जोडतात. त्यांचा कारखाना १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेला. लोखंडाचं काम बेळगावात पुढे वाढतच राहिलं. तिकडे अमेरिकेत ओहायो क्रँकशाफ्ट कंपनीने १९३० च्या दशकात इंडक्शन हार्डनिंग, म्हणजे विजेच्या कॉइलने पृष्ठभाग तापवून लगेच गार करणं, रुळवलं. गोल जर्नलसाठी (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ती पद्धत आजही उत्तमच, ती सोडायचं कारण मला दिसत नाही. अडतं ते डायच्या (साच्याच्या) कडेला, अरुंद खाचेत, पातळ भागावर. तिथे कॉइल नीट बसत नाही किंवा जॉब, म्हणजे कामाचा भाग, वाकतो.

लेझर १९६० चा. पण कारखान्याला पुरेल अशी ताकद मिळाली ती १९६४ च्या कार्बन डायऑक्साइड लेझरमधून. तो बनवणारे कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. १९७० च्या दशकात जनरल मोटर्सने स्टिअरिंगच्या कास्टिंगची आतली बाजू याच लेझरने कडक करायला घेतली. किरण सरकतो, पृष्ठभाग वितळण्याच्या अलीकडे तापतो, आणि खालचं गार पोलादच ती उष्णता झटक्यात ओढून घेतं. मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाचं कडक रूप, तयार होतं. गार करायला पाणी नको, तेल नको. कडक थर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर.

त्यानंतरची सुधारणा नुसत्या ताकदीने झाली नाही. या लेझरचा प्रकाश १०.६ मायक्रॉनचा, घासून चकचकीत केलेलं पोलाद तो बहुतेक परतवतं. म्हणून ग्रॅफाइट किंवा फॉस्फेटचा लेप द्यावा लागे, आणि लेप कमीजास्त झाला की कडक थराची खोलीही कमीजास्त. एक मायक्रॉनच्या आसपासचा डायोड लेझर आला, पोलाद तो प्रकाश कितीतरी जास्त शोषतं, आणि लेपाची गरज बहुतेक संपली. दुसरी सुधारणा मला त्याहून मोलाची वाटते: पायरोमीटर, म्हणजे न टेकवता तापमान मोजणारं उपकरण. कडेला उष्णतेला पसरायला जागा नसते, तिथे धातू वितळायचा. आता तापमान चालू कामात मोजून ताकद आपोआप कमी होते.

एक दुखणं अजून आहे. किरण पट्टी-पट्टीने फिरतो, आणि शेजारची दुसरी पट्टी मारताना पहिलीची कड पुन्हा तापते आणि नरम पडते. रुंद किरणाने जोड कमी होतात, पण मोठ्या पृष्ठभागावर ते टळत नाहीत. म्हणून जॉब बाहेर पाठवताना जोड कुठे येणार ते ड्रॉइंगवरच ठरवावं, जास्त घासणाऱ्या रेषेवर येऊ देऊ नये, आणि कडकपणा जोडावरही मोजून मागावा. पोलाद ईएन ८ किंवा ईएन १९ या प्रतींसारखं, सुमारे ०.४ टक्के कार्बनचं असावं. साध्या, कमी कार्बनच्या माइल्ड स्टीलवर हा खर्च वाया जातो.