फोर्कची नळी कापायच्या आधी एकदा येऊन जा

रोड बाईक म्हणजे वेगात चालवायची सायकल घेऊन फिटिंगला, म्हणजे ती आपल्या अंगाला जुळवून घ्यायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हँडल अजून खाली घेतलं तर स्पीड वाढेल ना? वाढू शकतो, त्याचं पुढे सांगतो, पण त्याआधी एक कळकळीची विनंती, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची वर आलेली नळी, म्हणजे स्टीअरर, फिटिंग होईपर्यंत कोणाकडूनही कापून घेऊ नका.

दर महिन्याला अशी एक तरी बाईक येतेच. परवाच एक नवीकोरी कार्बनची आली, स्टेमखाली (नळीला हँडल जोडणारा तुकडा) फक्त ५ मिमीचा एक स्पेसर, म्हणजे उंची वाढवायची रिंग, आणि नळी वरून सपाट कापलेली, का तर दिसायला भारी दिसते. चालवणाऱ्याची मात्र ५० किमी झाले की दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं, मान आखडायची. आम्ही आधी सॅडल बघितलं, त्याचं नाक खाली झुकलेलं होतं त्यामुळे अंग पुढे घसरून सगळा भार तळहातावर येत होता, ते सरळ केलं, बरंच बरं वाटलं, तरी हँडल अजून ३५ मिमी वर हवंच होतं. १०० मिमीचा सहा डिग्रीचा स्टेम उलटा लावला तर साधारण २० मिमीच मिळतात. कापलेली नळी परत जोडता येत नाही, मग जास्त अँगलचा आणि लांब स्टेम नाहीतर थेट नवा फोर्क, आणि त्यात ब्रेकचे होज स्टेममधून आत गेलेले असतील तर ते सोडवून परत तेल भरण्यात आमचा अख्खा दिवस आणि तुमचे जास्तीचे पैसे जातात.

आता एअरोचं, म्हणजे हवेच्या अडथळ्याचं. सपाट रस्त्यावर ३० च्या पुढे गेलात की बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते आणि त्यात मोठा वाटा बाईकचा नाही, तुमच्या अंगाचा असतो, म्हणून वाकायला हवं हे खरंच. पण हँडल इतकं खाली असेल की कोपर ताठ करूनच धरता येतं, तर दहा मिनिटांत तुम्ही हात वरच्या बारवर आणून सरळ बसता आणि सगळा फायदा गेला. त्यापेक्षा हँडल दोन सेंमी वर, हूडवर (ब्रेकच्या दांड्यांवरची रबरी पकड) हात, कोपर वाकवून मनगट ते कोपर जमिनीला समांतर, असं तासभर टिकलं तर तुम्ही नक्की पुढे असता. आणि २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, साडेतेरा तासांची असते, तेवढा वेळ पाठीला झेपलं पाहिजे. सिंहगड चढताना आठ-दहाच्या स्पीडला तर हवेचा विशेष प्रश्नच येत नाही.

काही जण म्हणतात तुमच्याकडून बाईक नेली तरी स्टेमच्या वर स्पेसर तसेच, काम अर्धवट वाटतं. ते आम्ही मुद्दाम ठेवतो. नव्या पोझिशनची सवय व्हायला पाचशे एक किलोमीटर जातात, पाठ आणि मांड्या मोकळ्या झाल्या की हँडल ५-५ मिमीने खाली घेता येतं, नाही जमलं तर परत वर. कार्बनच्या नळीला आतून आधार देणारा एक्सपांडर स्टेमच्या पकडीपाशीच येतोय ना हे बघूनच वरचे स्पेसर ठरवतो आणि बोल्ट स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळतो. दुसरी तपासणी फिटिंगच्या पैशातच धरलेली आहे, तेव्हा तुम्ही खूश असाल तर नळी आम्हीच कापून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ७० पासून १२० मिमीपर्यंतचे स्टेम ट्रायलला ठेवलेत, आधी बसून बघा मग विकत घ्या.

येताना रोजचे क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट, स्वतःचे पेडल आणि पॅडवाली शॉर्ट आणा, जीन्सवर आणि दुकानातल्या बुटांवर घेतलेलं माप आम्हाला परत घ्यावं लागतं. दोन तास मोकळे ठेवा. रविवारी सकाळी आम्ही स्वतः राईडला असतो, दुकान ११ नंतर उघडतं.