मेडिकल कौन्सिल की ग्राहक आयोग? आधी चिठ्ठी बघा

सनद वकिलाची असते, डॉक्टरची असते नोंदणी. तरी बेळगावात दर दोन दिवसांनी कोणीतरी ठणकावतोच, "ग्राहक कोर्टात जाऊन त्याची सनदच काढून घेतो!" काढता येत नाही हो.

ग्राहक आयोग, म्हणजे लोकांच्या तोंडचं ग्राहक कोर्ट, बहुतेकांना ठाऊक आहे. पैसे मोजून सेवा घेतली, त्यात कसूर झाली, तर 2 वर्षांच्या आत भरपाई मागायची. डॉक्टरही त्यात येतात, हे सुप्रीम कोर्टाने 1995 सालीच सांगितलं. (वकील येत नाहीत, हे 2024 साली. त्यावर माझं मत विचारू नका.) मेडिकल कौन्सिल म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ठेवणारी राज्याराज्याची संस्था; तिच्यापुढे प्रश्न असतो डॉक्टरच्या वागणुकीचा. कौन्सिल ताकीद देईल, काही काळ किंवा कायमचं नाव रजिस्टरातून काढेल, पण तुमच्या हातात एक रुपया पडणार नाही. आयोग पैसे देववतो, नोंदणीला हात लावत नाही.

इथवर सोपं आहे. आपल्याकडे खरी गोची होते ती कुठल्या राज्यात जायचं यावर. कर्नाटकातल्या निपाणीचा माणूस ऑपरेशनला कोल्हापूर-मिरजेला जातो, महाराष्ट्रातल्या चंदगडचा बेळगावला येतो. दवाखाना महाराष्ट्रात म्हणून आयोगही तिकडचाच, असं निपाणीकर धरून चालतो आणि तारखांना कोल्हापूरच्या चकरा मारतो. गरज नसते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगात जायची सोय केली आहे. 1986 च्या कायद्यात ती नव्हती, आणि चहाच्या गाड्यावर मिळणारा सल्ला अजून 1986 चाच आहे. म्हणजे निपाणीकराला बेळगाव चालतं, चंदगडकराला कोल्हापूर.

कौन्सिल मात्र तुमचा पत्ता बघत नाही, डॉक्टरची नोंदणी बघतं. आमच्या शेजारच्या मावशींनी आपण कर्नाटकातले म्हणून जाडजूड फाईल स्पीड पोस्टाने बेंगळूरला धाडली. ती परत आल्यावर आम्ही औषधाची चिठ्ठी उजेडात धरली. डिग्र्यांच्या रांगेखाली, मुंगीएवढ्या अक्षरात, महाराष्ट्राचा नोंदणी क्रमांक. फाईल मुंबईला जायला हवी होती. हा क्रमांक चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर आणि पैशाच्या पावतीवर छापणं डॉक्टरवर 2002 च्या नियमांनी बंधनकारक आहे. तेव्हा तक्रार लिहायच्या आधी तो शोधा.

आणखी एक. कौन्सिलला दवाखाना दिसत नाही, फक्त डॉक्टर दिसतो. बिल फुगवलं, डिपॉझिट अडवलं, ही रड तिथे चालत नाही. उलट, सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्यात आयोगाचं दार बंद, कौन्सिलचं उघडं.

दोन्हीकडे केसपेपर लागतोच. मागितल्यापासून 72 तासांत तो द्यावा लागतो. तोंडी मागू नका, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.