ओट्यामागचा डॅडो

स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर, भिंतीला लावलेल्या टाईलच्या किंवा दगडाच्या आच्छादनाला डॅडो म्हणतात. गवंडी, टाईलचा दुकानदार आणि घरमालक तिघांच्याही तोंडी हाच शब्द आहे. फोडणीचे शिंतोडे, बेसिनचे पाणी आणि वाफ यांपासून गिलावा वाचवणे हे त्याचे काम. वर कपाटे असतील तर ओट्यापासून साधारण २ फूट आणि नसतील तर थेट लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईपर्यंत, त्याची उंची ठेवतात.

सोलापुरात चूल जमिनीवर होती तेव्हा डॅडो नव्हता. मागची भिंत मातीने सारवलेली असे आणि काजळी चढली की पोतेरे फिरवले जाई. उभा ओटा आला तशी त्याच्यामागे शहाबादी फरशी किंवा कडप्पा उभा राहिला. शहाबाद शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, रेल्वेच्या वाटेवरच आहे. हे दोन्ही दगड चुनखडीचे, त्यामुळे लिंबू किंवा चिंचेचा कोळ सांडून तसाच राहिला तर तेथे फिकट चट्टा उमटतो. आता बहुतेक घरांत गुजरातेतील मोरबीच्या टाईल दिसतात.

नूतनीकरणात डॅडो बिघडतो तो बहुधा टाईल विकत घेण्याआधीच. जुन्या टाईल काढताना खालचा गिलावाही सुटून येतो. भिंत दगड-मातीची असेल तर सुटे झालेले सगळे खरवडून, जाळी ठोकून नवा गिलावा करावा लागतो आणि त्याला किमान आठवडाभर पाणी मारावे लागते. भिंतीला लोणा (ओलीने फुटणारा पांढरा क्षार) लागला असेल तर आधी ओल कोठून येते ते शोधावे. बेसिनची गळकी जोडणी तशीच ठेवून तिच्यावर लावलेली टाईल पुढे फुगून सुटते. विजेच्या नळ्या आणि बोर्डाची जागाही याच वेळी ठरते. मिक्सरचा बोर्ड ओट्यापासून सुमारे १ फूट वर, शेगडी आणि बेसिन या दोन्हींपासून लांब असावा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसल्याने ओट्याच्या टोकाला पिण्याच्या पाण्याचे पिंप असते. डॅडो त्याच्यामागेही न्यायला हवा, आणि नेमके तेच मोजायचे राहून जाते.

मोजमाप सोपे आहे. इंग्रजी एल आकाराच्या ओट्याच्या भिंती १० आणि ६ फूट, डॅडोची उंची २ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. १२ बाय १८ इंची टाईल आडवी लावली तर दोन ओळींत उंची पुरी होते; एका ओळीला मोठ्या भिंतीवर ७ आणि लहान भिंतीवर ४ लागतात. एकूण २२. तुटफुटीसाठी २-३ जास्त धराव्यात आणि सगळ्या पेट्यांवरचा शेडचा क्रमांक एकच आहे का ते दुकानातच पाहावे. कापलेला तुकडा फ्रिजच्या आडोशाला जाईल अशी सुरुवात करावी, शेगडीमागे अख्खी टाईल यावी.

नक्षी निवडताना घरातला स्वयंपाक पाहावा. रोज ज्वारीची भाकरी थापणाऱ्या घरात पीठ उडते, शेंगदाण्याच्या चटणीचे तेल हाताला असते. खोल खाचांच्या टाईलमध्ये हे दोन्ही मिळून चिकट थर बसतो. गुळगुळीत, फिकट टाईल एका फडक्यात पुसली जाते. काळी चकचकीत टाईल दुकानात देखणी दिसते, पण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके तिच्यावर लगेच उठून दिसतात. फळांच्या चित्रांच्या हायलायटरवर, म्हणजे मधूनमधून लावायच्या नक्षीच्या टाईलवर, खर्च करण्यापेक्षा तो पैसा टाईलमधले सांधे चांगले भरण्यात घालावा.

साधी सिरॅमिक टाईल सिमेंटवर लावायची तर आधी पाण्यात भिजवतात. पाण्यात सोडताच तिच्या मागून बारीक बुडबुड्यांची रांग निघते; ती थांबली की टाईल पाणी प्यायली. मग ती उभी करून निथळू द्यायची, कारण पाणी गळणारी टाईल भिंतीवरून घसरते. भिजवली नाही तर ती सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलेच पाणी ओढून घेते आणि पकड कच्ची राहते. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाईल पाणी जवळजवळ शोषत नाही. तिला टाईल अॅडेसिव्हच हवे. (अॅडेसिव्हसाठी भारतीय मानक आयएस १५४७७ आहे, पोत्यावर तो क्रमांक पाहून घ्यावा.) एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना कालवलेला माल लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा थोडा कालवावा आणि सिमेंटवर लावायचे असेल तर भिंत आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवावी.

ओट्याचा ग्रॅनाइट आधी बसतो, डॅडो त्याच्यावर येतो. सांध्यांत २-३ मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे अंतर सारखे राखणारे छोटे तुकडे, ठेवतात. दुसऱ्या दिवशी करणीच्या दांड्याने प्रत्येक टाईल हलकेच ठोकून पाहावी. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे आणि ती टाईल सांधे भरण्याआधीच काढून पुन्हा लावावी. मिस्त्री कुरकुरला तरी हे करून घ्यावेच.

सिमेंटचा पांढरा सांधा हळदीने पिवळा पडतो आणि साबण लागला की तोच डाग लालसर होतो, कारण हळद अल्कलीत रंग बदलते. शेगडीमागे इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेचा) सांधा टिकतो, मात्र तो सुकण्याआधीच टाईलवरून पुसून घ्यावा लागतो. ओटा आणि डॅडो जेथे मिळतात ती आडवी रेघ सर्वांत नाजूक. तेथे सिमेंट भरले तर केसासारखी चीर पडते, बेसिनचे पाणी त्या चिरेतून मागे शिरते आणि खालच्या कपाटाची फळी काळी पडते. या रेघेत सिलिकॉनच भरावे, आणि ते सुटू लागले की खरवडून नव्याने भरावे. पांढरे ठिपके काढायला फरशी धुण्याचे अॅसिड वापरू नये. ठिपक्यांबरोबर सिमेंटचे सांधेही खाल्ले जातात. रोज रात्री ओटा आवरताना डॅडो कोरडा पुसला तर ठिपके धरतच नाहीत. उरलेल्या टाईल पेटीसकट माळ्यावर ठेवाव्यात, कारण काही वर्षांनी नळ बदलताना एखादी फुटली तर तोच शेड बाजारात क्वचितच मिळतो.