गोदावरी खोऱ्यातल्या गाळाचे स्रोत

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि साधारण 1,465 किमी वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, खोरं सुमारे 3.12 लाख चौ. किमी. त्यातलं जवळपास निम्मं दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर आहे आणि गाळाचा विषय निघाला की आधी तिकडेच बघावं लागतं, कारण बेसॉल्ट झिजून झालेली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरींत, शेत अजून उघडं असतानाच, ओघळींनी निघून जाते. वर्षाचा बहुतेक सगळा गाळ पावसाळ्यातच वाहतो.

नैसर्गिक स्रोत म्हणजे डोंगरउतारांची झीज, ढासळणारे काठ आणि जुन्या गाळाच्या थरांत पडलेल्या घळी. प्रवरेकाठच्या घळी नदीचं पात्र खोल जात गेल्यामुळे पडल्या असं साधारणपणे मानतात, पण आता जेसीबी लावून त्या सपाट करतात आणि शेती करतात, मग तिथून सुटलेली माती कुठल्या खात्यात धरायची?

खरा वाद आहे तो धूप कधी वाढली आणि कशामुळे यावर. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यात निओडिमियम या धातूची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजली, त्यावरून तरुण बेसॉल्टची माती आणि पूर्वेकडच्या फार जुन्या खडकांची माती वेगळी ओळखता येते. त्यात बेसॉल्टचा वाटा अंदाजे 4,000 वर्षांपूर्वीपासून वाढत गेलेला दिसतो. मान्सून कमजोर होऊन झाडोरा विरळ झाला, हे एक कारण सांगतात. पण साधारण त्याच काळात प्रवरेकाठच्या दायमाबादसारख्या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या) शेतकरी वस्त्याही उभ्या राहिल्या, त्यामुळे सगळा दोष हवामानावर टाकणं जरा जडच जातं. निदान शेवटच्या दोनेक हजार वर्षांपुरतं तरी शेतीचं पारडं जड वाटतं.

आजचे मानवी स्रोत ओळखीचेच: उताराला धरून नांगरट, चराई, रस्त्यांची खोदाई, वाळूउपशाने सुटलेले काठ. उलट बाजूने धरणं गाळ अडवतात. जायकवाडी 1976 साली पूर्ण झालं, त्याच्या नाथसागर जलाशयातला गाळ उपसून शेतात टाकतात, आणि 2017 पासून राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना याच कामासाठी आहे. खाली आंध्रात मात्र त्रिभुज प्रदेशाला पोचणारा गाळ 1970 च्या दशकानंतर निम्म्याहून खाली आला असं मोजमापं सांगतात, आणि तिथल्या किनाऱ्याची धूप त्याच्याशी जोडली जाते.

प्राणहिता, इंद्रावती, शबरी या पूर्वेच्या उपनद्यांचा बराच भाग जंगलातून जातो.