व्हीसीओमधील आयाम-नियंत्रण

व्होल्टेज-नियंत्रित आंदोलकाची, म्हणजे व्हीसीओची, वारंवारता बदलत असताना बाहेर पडणाऱ्या तरंगाचा आयाम ठरलेल्या पातळीवर टिकवण्याच्या पद्धती. जुन्या परिभाषेत आयामाला परमप्रसर आणि वारंवारतेला कंप्रता म्हणत. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत मात्र कानावर ‘ॲम्प्लिट्यूड’ आणि ‘फ्रिक्वेन्सी’च पडतात.

पंचमीला लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका चढवताना आधी जोर लावावा लागतो. एकदा तो चढला की प्रत्येक फेरीत जेवढे वाया जाते तेवढेच द्यायचे. आंदोलकातही फेरीची लब्धी (तरंग एका फेरीत किती पट होतो, म्हणजे गेन) सुरुवातीला १ पेक्षा जास्त असावी लागते आणि तरंग हवा तेवढा वाढल्यावर ती बरोबर १ वर यावी लागते. ती खाली आणण्याचे काम बहुतेक साध्या परिपथांत ट्रान्झिस्टर स्वतःच करतो: तरंग मोठा झाला की ट्रान्झिस्टर संपृक्त होतो (आणखी वाढू शकत नाही) किंवा बंद पडतो. असा आयाम फुकट मिळतो, पण तरंगाचा माथा चपटा होतो आणि तापमान, पुरवठा, वारंवारता यांपैकी काहीही बदलले की आयामही सरकतो.

मिडियम वेव्हच्या रेडिओतला स्थानिक आंदोलक याचे घरगुती उदाहरण आहे. आकाशवाणी परभणी १३०५ किलोहर्ट्झवर लावले की ४५५ किलोहर्ट्झची मध्यम वारंवारता मिळवण्यासाठी आतला आंदोलक १७६० वर चालतो. ५३० ते १६०० हा पूर्ण पट्टा फिरवायचा तर त्याला ९८५ पासून २०५५ पर्यंत, म्हणजे दुपटीहून जास्त, धावावे लागते. कॉइल तीच राहते, बदलते फक्त धारिता. कॉइलचा मालिका-रोध स्थिर धरला तर टाकीचा (कॉइल आणि कंडेन्सरच्या जोडीचा) अनुनादातला समांतर रोध वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे इथे सुमारे ४.४ पट, वाढतो. प्रत्यक्षात कॉइलचा रोधही वारंवारतेबरोबर चढत असल्याने फरक इतका पडत नाही. तरी पट्ट्याच्या खालच्या टोकाला आंदोलक मरगळतो आणि वरच्या टोकाला उसळतो.

बटणाने फिरणाऱ्या गँग कंडेन्सरऐवजी व्होल्टेजने धारिता बदलणारा व्हॅरॅक्टर डायोड बसवला की दुखणे वाढते. समजा नियंत्रण व्होल्टेज १ व्होल्ट आहे आणि टाकीवरच्या तरंगाचे शिखर दीड व्होल्टचे आहे. मग प्रत्येक फेरीत काही क्षण डायोड अर्धा व्होल्ट सुलट (फॉरवर्ड) बाजूला जाऊन वाहू लागण्याच्या बेतात येतो आणि टाकीची गुणवत्ता घसरते. शिवाय डायोडची सरासरी धारिता तरंगाच्या मापावर अवलंबून राहत असल्याने आयामातली प्रत्येक थरथर वारंवारतेत उतरते. दोन डायोड पाठीला पाठ लावून जोडले तर तरंग दोघांत वाटला जातो आणि त्रास बराच कमी होतो. आयाम लहान ठेवणे हा दुसरा उपाय, पण त्याची किंमत मोजावी लागते. अभियंते लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार संकेताची शक्ती कमी झाली की कला-गोंगाट (फेज नॉइज, म्हणजे तरंगाच्या वेळेतली अनियमित थरथर) तेवढाच वाढतो. आयाम निम्मा केला तर ६ डेसिबलने.

म्हणून चांगल्या परिपथात आयामासाठी वेगळी फेरी, म्हणजे मोजून दुरुस्त करणारा नियंत्रणाचा लूप, असते. शिखर-शोधक तरंग मोजतो, ऑप-ॲम्प त्याची ठरलेल्या संदर्भाशी तुलना करतो आणि ट्रान्झिस्टरचा प्रवाह कमी-जास्त करतो. मोटोरोलाच्या एमसी१६४८ या आंदोलक चिपमध्ये यासाठी स्वतंत्र पिनच दिलेली होती. कल्पना त्याहून जुनी आहे: ह्यूलेट-पॅकार्डच्या १९३९ च्या २००ए आंदोलकात हे काम एक साधा दिवा करत असे. तरंग वाढला की तार तापते, रोध वाढतो आणि लब्धी उतरते. खरी कसरत वेगाची आहे. फेरी फार चपळ असेल तर ती एकाच आवर्तनाच्या आत लब्धी हलवते आणि साइन वेव्ह वाकडी होते. फार सुस्त असेल तर वारंवारता बदलल्यावर आयाम बराच वेळ हेलकावे खातो. जुळणी फारच चुकली तर आंदोलक मधूनमधून बंद पडून पुन्हा सुरू होतो.

टाकी नसलेल्या, कंडेन्सर भरण्या-रिकामा करण्यावर चालणाऱ्या व्हीसीओत प्रश्न वेगळाच असतो. एलएम५६६ या व्हीसीओ चिपमध्ये त्रिकोणी तरंग ढोबळपणे पुरवठ्याच्या पाव ते अर्ध्यादरम्यान फिरतो, म्हणजे १२ व्होल्टवर ३ ते ६. वारंवारता बदलली तरी या मर्यादा हलत नाहीत, पुरवठा बदलला की हलतात. रब्बीत डीपीवरचे पंप एकदम सुरू झाले आणि २३० चे १८० व्होल्ट झाले, तर साध्या अडॅप्टरचे १५ व्होल्ट ११.७ वर येतात. मग मधल्या ७८१२ ला (स्थिर १२ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरला) हवी असलेली दोनेक व्होल्टची फट उरत नाही, चिपला ९.७ च्या आसपास मिळतात आणि ३ व्होल्टचा त्रिकोण २.४ चा होतो. नियंत्रण व्होल्टेज त्याच पुरवठ्यातून विभागून घेतले असेल तर वारंवारता जवळपास तशीच राहते, त्यामुळे फक्त काउंटर बघणाऱ्याला काहीच कळत नाही. सीआरओ (तरंगाचे चित्र दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावणाऱ्याला कळते. उच्च वारंवारतेला आणखी एक गोष्ट दिसते: तुलनाकाराला (तरंग मर्यादेला पोचला का हे बघणाऱ्या भागाला) १०० नॅनोसेकंद उशीर होत असेल तर १०० किलोहर्ट्झवर त्रिकोण दोन्ही टोकांना सुमारे २ टक्के पुढे जातो.

प्रॅक्टिकलला एक्सआर-२२०६ हा फंक्शन-जनरेटर आयसी घेतला तर काम सोपे होते. पिन ३ वरच्या दर किलोओहमला साइन वेव्हचे शिखर अंदाजे ६० मिलिव्होल्ट मिळते. ४७ किलोओहम लावले की २.८ व्होल्ट झाले. पिन १ वर व्होल्टेज देऊनही आयाम बदलता येतो, मात्र ते पुरवठ्याच्या निम्म्यावर आले की तरंग शून्यावर जातो आणि पलीकडे उलट्या कलेत परत येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला चिप गेली असेच वाटते. हे नियंत्रण आंदोलकाच्या बाहेर, गुणकात (मल्टिप्लायरमध्ये) होत असल्याने वारंवारतेला धक्का लागत नाही, आणि शक्य असेल तिथे हाच मार्ग बरा. कला-बंधित फेरीसाठी (पीएलएलसाठी) तर तरंग शून्य कधी ओलांडतो एवढेच पुरते. तिथे पुढे एक मर्यादक (तरंगाची उंची छाटून सारखी करणारा लिमिटर) बसवला की आयामाच्या वेगळ्या फेरीची क्वचितच गरज पडते.