एमपीयू-४०१: ‘इंटेलिजंट’ पद्धत आणि ‘यूआर्ट’ पद्धत

जुना डॉस संगणक, त्यात साउंड कार्ड, कार्डाच्या गेम पोर्टला मिडी केबल आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला रोलँडचे एमटी-३२ हे ध्वनी निर्माण करणारे मॉड्यूल. सगळी जोडणी नीट असूनही १९८८-९० च्या सुमाराचा एखादा खेळ सुरू केला की संगीत वाजत नाही, किंवा पडदा आहे त्याच चित्रावर थांबून राहतो. यावर दिला जाणारा सल्ला ठरलेला असतो: केबल बदला, नाहीतर मॉड्यूल तपासून घ्या. पुष्कळदा केबलही चांगली असते आणि मॉड्यूलही. अडचण संगणकातल्या इंटरफेसमध्ये असते आणि ती बिघाडाची नसते. संगणक आणि मिडी उपकरण यांना जोडणाऱ्या इंटरफेसचे ‘एमपीयू-४०१’ हे एकच नाव दोन वेगळ्या क्षमतांना लावले जाते, त्यातून ती उद्भवते.

मिडीची, म्हणजे संगीत उपकरणांच्या आपसातल्या भाषेची, थोडीफार ओळख वाचकाला आहे असे मी धरून चालतो. मिडीच्या तारेतून ध्वनी जात नाही. कोणता स्वर, कोणत्या वाद्यावर, किती जोराने वाजवायचा याच्या सूचना सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने जातात. १९८७ चे एमटी-३२ आणि १९९१ चे जनरल मिडी हे वाद्यक्रमांकांचे प्रमाण एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हेही आता बहुतेकांना ठाऊक आहे. एससी-५५ या रोलँडच्या नंतरच्या मॉड्यूलवर एमटी-३२ सारखी वाद्यरचना निवडता येते, पण खेळाने स्वतः घडवून पाठवलेली वाद्ये ते स्वीकारत नाही. म्हणून एमटी-३२ साठी लिहिलेला खेळ एमटी-३२ वरच ऐकावा, हे माझे ठाम मत आहे. तो विषय एवढ्यावर सोडतो, कारण तिथे चूक झाली तर निदान चुकीचे वाद्य तरी ऐकू येते. आपला प्रश्न काहीच ऐकू न येण्याचा आहे.

रोलँडने १९८४ मध्ये आणलेला मूळ एमपीयू-४०१ हा स्वतःचा प्रोसेसर असलेला वेगळा डबा होता आणि तो एका कार्डाद्वारे संगणकाला जोडला जाई. त्या काळातल्या मंद संगणकांना संगीताची लय अचूक सांभाळणे जड जात असे, म्हणून ते काम या डब्याकडे दिले होते. संगणकाने सूचना आणि त्यांमधले कालांतर आगाऊ पाठवायचे. डबा आठ मार्गिकांपर्यंतच्या सूचना आपल्या घड्याळानुसार योग्य क्षणी मॉड्यूलकडे सोडायचा आणि पुढचा मजकूर हवा झाला की इंटरप्ट, म्हणजे संगणकाचे लक्ष वेधणारा इशारा, देऊन तो मागून घ्यायचा. हीच इंटेलिजंट पद्धत. याच डब्यात दुसरी, अगदी साधी पद्धतही होती. ‘३एफ’ ही आज्ञा दिली की डबा आपली सगळी हुशारी बाजूला ठेवून आलेला प्रत्येक बाइट जसाच्या तसा पुढे ढकलत असे. ती यूआर्ट पद्धत; यूआर्ट म्हणजे बाइट नुसते पाठवणारे-घेणारे साधे सर्किट. या पद्धतीत लय सांभाळण्याची सारी जबाबदारी संगणकावर येते.

पुढे संगणक वेगवान झाले, खेळ लिहिणारे स्वतःच लय सांभाळू लागले आणि कार्ड बनवणाऱ्यांनी यूआर्ट पद्धतीपुरतेच सर्किट बसवायला सुरुवात केली, कारण त्याला वेगळा प्रोसेसर लागत नाही. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ वरील एमपीयू-४०१ याच जातीचा आहे. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते अशा कार्डांना नुसते ‘एमपीयू-४०१ सुसंगत’ म्हणणे. त्या दोन शब्दांनी जेवढा वेळ वाया घालवला आहे तेवढा गंजलेल्या केबलींनी घालवला नसेल. मी स्वतः अशा वर्णनावर विसंबून एका विक्रेत्याकडून कार्ड घेतले आणि दोन आठवडे केबली बदलण्यात घालवले. कार्डात एकही दोष नव्हता.

फसगत नेमकी कुठे होते ते पाहू. एमपीयू-४०१ चे दोन पोर्ट असतात: माहितीसाठी ३३० आणि आज्ञा व स्थितीसाठी ३३१, दोन्ही आकडे षोडशमान पद्धतीतले. खेळ सुरू होताना ३३१ वर ‘एफएफ’ म्हणजे पुनरारंभाची आज्ञा लिहितो आणि ३३० वर ‘एफई’ ही पोच येण्याची वाट पाहतो. केवळ यूआर्ट जाणणारे कार्डसुद्धा ही पोच देते. म्हणून ओळखपरेड पार पडते आणि खेळाची खात्री होते की समोर खरा एमपीयू-४०१ आहे. त्यानंतर यूआर्ट पद्धतीसाठी लिहिलेला खेळ ‘३एफ’ देतो, पोच घेतो आणि बाइट ओतू लागतो. त्याचे सगळे सुरळीत चालते. इंटेलिजंट पद्धतीचा खेळ मात्र ‘३एफ’ देतच नाही. तो ‘डी०’सारखी आज्ञा देतो, जिचा अर्थ ‘मला माहिती पाठवायची आहे’ असा आहे, आणि पुन्हा पोच मागतो. साध्या कार्डाला ही भाषा येत नाही. खेळ वाट पाहत बसतो. कुणी तिथेच अडकून पडतो, कुणी थोडे थांबून संगीताविना पुढे जातो.

इथे एक बारकावा आहे, आणि तो समजला की बाकीचे आपोआप उलगडते. अडकणारा प्रत्येक खेळ त्या डब्याकडून लय सांभाळून घेत असतोच असे नाही. कित्येक खेळ स्वर तत्क्षणीच पाठवतात. फक्त पाठवण्यापूर्वी परवानगी मागण्याची जुनी रीत ते पाळतात. म्हणजे इंटेलिजंट पद्धतीचा एक छोटासा तुकडा पुरवला तरी ते वाजू लागतात. सॉफ्टएमपीयू हा छोटा डॉस प्रोग्रॅम याच आधारावर उभा आहे: तो खेळाच्या आज्ञा मधेच अडवतो, स्वतः पोच देतो आणि मजकूर यूआर्ट कार्डातून बाहेर सोडतो.

म्हणून ‘हे मॉड्यूल इंटेलिजंट पद्धत चालवते का?’ हा प्रश्न मला फार खटकतो. पद्धत ही संगणक आणि इंटरफेस यांच्यातली बोली आहे. मॉड्यूलपर्यंत तिचा मागमूसही पोहोचत नाही. पाच पिनांच्या सॉकेटातून येणारे बाइट दोन्ही पद्धतींत त्याच वेगाने आणि त्याच रूपात येतात. त्यामुळे इंटेलिजंट पद्धतीने आवाज अधिक चांगला येतो, हा समजही निराधार आहे.

निदान करताना तीन गोष्टी दिशाभूल करतात. विंडोज ९५ किंवा ९८ मध्ये मिडी फाइल वाजली म्हणून कार्ड पुरेसे आहे असे ठरत नाही, कारण विंडोज यूआर्ट पद्धतच वापरते. नव्या संगणकावर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तोच खेळ त्याच मॉड्यूलवर वाजला, तरी त्यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण डॉसबॉक्स मुळातच इंटेलिजंट पद्धतीची नक्कल पुरवतो. तिसरी गोष्ट इंटरप्टची. यूआर्ट पद्धतीने नुसते वाजवण्यासाठी इंटरप्टची गरज पडत नाही. पण डब्याच्या घड्याळावर चालणाऱ्या खेळाला तो लागतो आणि त्या काळातले खेळ बहुधा क्रमांक २ गृहीत धरतात, जो एटी पिढीच्या (२८६ च्या) संगणकांपासून ९ म्हणून दिसतो.

सर्वांत भरवशाचा साक्षीदार एमटी-३२ वरची अक्षरे दाखवणारी छोटी पट्टी आहे. अनेक खेळ सुरुवातीला तिच्यावर वीस अक्षरांचा संदेश पाठवतात. तो उमटला, तर इंटरफेसची बोली जुळली आहे आणि दोष पुढे कुठेतरी शोधायला हवा. पट्टीवर बफर, म्हणजे सूचना तात्पुरत्या साठवण्याची जागा, भरून वाहिल्याची तक्रार दिसली, तर सूचना पोहोचत आहेत, पण हेडफोन जॅक नसलेल्या जुन्या आवृत्तीला त्या फार भराभर मिळत आहेत. सॉफ्टएमपीयूमध्ये त्यासाठी विलंबाचा पर्याय आहे. पट्टी ढिम्म राहिली आणि नंतरच्या वर्षांतला खेळ मात्र व्यवस्थित वाजला, तर केबलीला हात लावू नका.

उपायांत माझी पहिली पसंती खऱ्या हार्डवेअरला आहे: रोलँडचे एमपीयू-आयपीसी-टी, किंवा एमटी-३२ कुळातला ध्वनी आणि संपूर्ण इंटरफेस एकाच कार्डावर देणारे एलएपीसी-आय. ही कार्डे दुर्मीळ आणि महाग आहेत, म्हणून हार्डएमपीयू हे अलीकडचे, मुक्त आराखड्याचे कार्ड मी निःसंकोच सुचवतो. सॉफ्टएमपीयू विनामूल्य आहे, पण पोर्टवरच्या आज्ञा अडवण्यासाठी त्याला ईएमएम३८६ किंवा क्यूईएमएम हा स्मृती-व्यवस्थापक प्रोग्रॅम सोबत चालू असावे लागते आणि ही सोय ३८६ पासूनच्याच प्रोसेसरांत आहे. २८६ किंवा त्याहून जुन्या यंत्रावर हा मार्ग बंदच आहे. तिथे हार्डएमपीयू ८-बिट खाचेतही बसते.